हंशीचं कातडं आणि तारेचं चाक

बारामती, सोम. १० जाने. १९५५

शाळेत पोटदुखीची चिठ्ठी पाठवली. खरं कारण लिहिलं असतं तर हेडमास्तर हसले असते.

काल दुपारी निरवांगीचे मारुतीआबा यष्टीनं आले. मांडीवर टोपली, वर जुनं लुगडं झाकलेलं. मला वाटलं कोंबडी असेल. निघाला कादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, थंडीत उत्तरेकडून येतो तो. आबा त्याला हंशी म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी कुणा शिकाऱ्याचा छर्रा लागून नीरेकाठच्या हरभऱ्यात पडली होती. आबांच्या मंडळींनी उचलून घरी आणली, वाचवली. पुन्हा उडाली नाही ती. अंगणातच राहिली. मंडळी गेल्या वर्षी वारल्या. शनिवारी सकाळी हंशीही दारातच गेलेली दिसली.

शाळेच्या कपाटातली, मी पेंढा भरून ठेवलेली घार आबांनी कधीतरी पाहिली होती. म्हणाले, "खड्डा केला होता मास्तर. पन हात झाला न्हाय. हिला हाय तशी ठिवता येती का?"

मी हो म्हटलं. लगेच. आजवर मी भरलेले टिकले ते एक घार, एक खंड्या आणि तीन पोपट. एवढा मोठा पाणपक्षी नीट असा एकही नाही. हे आबांना सांगायला हवं होतं.

आज दिवसभर सोलत होतो. मानेच्या कातड्यातून डोकं बाहेर येईना, शेवटी मागून चीर घेतली. कातडं अखंड निघालं. पण आतून चरबी. पिवळी, अर्धं बोट जाड, आणि पिसांच्या मुळामुळांत शिरलेली.

बुध. १२

दोन दिवस सुरीनं खरवडतोय. वरची निघते. पिसांच्या मुळांमधली निघत नाही. जोर लावला की कातडं जातं. छातीवर एक भोक, पाठीवर एक. आज सुरी ठेवून दिली.

गेल्या वर्षी शाळेसाठी तलवार बदक केलं होतं ते डोळ्यांपुढून हलत नाही. त्यात अशीच चरबी राहिली होती. एप्रिलात तेल पाझरायला लागलं, पोटाची पांढरी पिसं विड्याच्या थुंकीसारखी झाली, मग किडे. शिपायानं नाक धरून ओढ्यात टाकलं. ते शाळेचं बदक होतं. हे तसं नाही.

कातड्याला भरपूर मीठ चोळून, गुंडाळून बरणीत ठेवलं. लोणच्याची बरणी. माझ्या बायकोनं, इंदूनं, बरणीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. आता त्या बरणीत लोणचं पडणार नाही हे तिनं मनातल्या मनात ठरवलेलं दिसलं.

मुंबईला फर्नांडिसांना पत्र टाकलं. सहा आठवडे त्यांच्या हाताखाली शिकलो ती सगळी माझी विद्या.

शुक्र. १४. संक्रांत

तीळगूळ. बायकांची ये-जा. इंदूनं बरणी न्हाणीघरात हलवली. वास आलाय का म्हणून मी दोनदा जाऊन हुंगून आलो. पाहुण्या बायकांपैकी एकीनं ते पाहिलं.

बुध. १९

फर्नांडिसांचं उत्तर. चार ओळी आणि एक चित्र. सुरीचं काम नाही हे, बदक-कादंबांना तारेचं चाक लागतं. बारीक तारांचा गोल ब्रश जोरात फिरवायचा, कातडं उलटं करून त्याच्यावर धरायचं. तारांची टोकं पिसांच्या मुळांमध्ये शिरतात आणि चरबी बाहेर काढतात. त्यांच्याकडे विजेच्या मोटरवर आहे. मला ते कुठून मिळणार? शेवटची ओळ: "तार फार जाड नको, फार मऊ नको. फार वेग नको, फार कमी नको."

यात मला काय सांगितलं?

शुक्र. २१

लेथवाल्या रशीदभाईंकडे गंज काढायचं तारेचं चाक आहे, ऑइल इंजिनावर फिरतं. मी सरावासाठी दोन अडई बदकं आणली होती, भादलवाडीच्या तळ्यावर शिकार करणाऱ्या एका ओळखीच्याकडून. एकाचं कातडं काढून नेलं. रशीदभाईंनी आधी विचारलं, हे खायचं आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग असू द्या.

धरलं. कातडं हातात होतं आणि मग नव्हतं. चाकाला गुंडाळून पार चिंध्या. अंगठ्याचं नख अर्धं गेलं. चरबीचे शिंतोडे रशीदभाईंच्या भिंतीवर, तसबिरीवर, माझ्या चष्म्यावर. रशीदभाईंनी इंजिन बंद केलं आणि चिमट्यानं एक एक पीस काढत बसले. मी माफी मागितली तर म्हणाले, "मास्तर, हे लोखंडाचं चाक आहे. तुमच्या कामाचं चाक तुम्हालाच बनवावं लागेल."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोम. २४

पितळी तारांचा ब्रश मिळाला, भांडी उजळायचा. त्याच्या तारा काढून रशीदभाईंनी दोन लाकडी चकत्यांमध्ये दाबून बसवल्या. चाक दिसायला सुरेख. हातानं फिरवून दुसऱ्या अडईच्या पाठीच्या कातड्यावर धरलं. दोन मिनिटांत सगळ्या तारा एका अंगाला निजल्या. पाऊस पडून गेलेल्या गवतासारख्या. चरबी नुसती सारवली जाते.

एक गोष्ट कळली. हातानं फिरवून भागणार नाही, कातडं धरायला दोन्ही हात लागतात. पाय हवेत.

गुरु. २७

घरात पायानं चालणारी एकच वस्तू आहे. इंदूचं शिवणयंत्र.

ते तिच्या वडिलांनी दिलेलं. आळीतल्या बायकांच्या चोळ्या-पोलकी ती त्यावर शिवते. तीन दिवस विचारायचं विचारायचं म्हणून आज जेवताना विचारलं. वरचं यंत्र उतरवून ठेवू, खालचा सांगाडा, पायडल, मोठं चाक आणि पट्टा तेवढाच वापरू, रविवारी संध्याकाळी परत जसंच्या तसं. तिनं विचारलं, हे त्या बरणीतल्यासाठी का? मी हो म्हटलं. मग विचारलं, आबांच्या मंडळींचं नाव काय होतं? मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, एवढं तरी विचारायचं होतं.

पण रविवार दिला.

रवि. ३०

तार मिळाली. सायकलच्या ब्रेकची दोरी उकलली की आत बारीक पोलादी तारा असतात. वाकतात आणि परत उभ्या राहतात. रशीदभाईंनी चाक केलं, छोटी पुली केली, बेअरिंगवर बसवलं. सकाळी यंत्राच्या टेबलावर ठोकलं.

पहिली दहा मिनिटं लिहून ठेवण्यासारखी. राखून ठेवलेल्या दुसऱ्या अडईच्या छातीचा भाग धरला. चरबी लोण्याच्या कणांसारखी उडायला लागली आणि खाली स्वच्छ निळसर कातडं, पिसांच्या मुळांचे ठिपके ओळीनं. मी इंदूला हाक मारून दाखवलं.

मग पाय थांबला, पुन्हा मारला, आणि चाक उलटं फिरलं. शिवणयंत्राचं हेच असतं, सुरुवातीला हातानं दिशा दिली नाही तर कुठंही फिरतं. चाक माझ्या बाजूनं खाली जायला हवं. उलटं फिरलं की कातडं वर ओढून आत घेतं. घेतलं. मानेपासून पाठीपर्यंत उभी चीर.

पट्टा चरबीनं बुळबुळीत. टेबलाच्या पॉलिशवर डाग. संध्याकाळपर्यंत सोड्यानं पुसत होतो.

बुध. २ फेब्रु.

आबा बाजाराला आले होते, शाळेच्या दारात उभे. बरोबर शेंगा आणलेल्या. विचारलं, "झाली का आमची हंशी?"

मी सांगितलं, काम चालू आहे, वाळत घातलीय.

वाळत घातलीय. मिठाच्या बरणीत गोळा होऊन पडलीय ती. चौथीच्या पोरासारखा खोटं बोललो. आबांनी मान हलवली. म्हणाले, घाई न्हाय. आणि मग, दारापुढं पाण्याची परात अजून भरून ठेवतात, सवय जात नाही. मी शेंगा घेऊन वर्गात गेलो आणि काय शिकवलं ते आठवत नाही.

शनि. ५

बरणी उघडली. मीठ पिवळं पडलंय, वास खवट. दुपारी ऊन आता चटकतं. पोटाच्या बाजूचं एक पीस चिमटीत धरलं तर हातात आलं. दुसरंही आलं. तिसरं ओढायचा धीर झाला नाही.

मीठ बदललं. पंधरा दिवस, फार तर. त्यानंतर पुरायलाच द्यावी लागेल, आणि तीही आधीसारखी नाही.

मंगळ. ८

शाळा सुटल्यावर रशीदभाईंकडे. त्यांनी स्वतःच डोकं लावलं होतं. तारा आखूड केल्या, मोकळ्या अर्ध्या बोटाच्याच. चाक फिरतं ठेवून टोकांवर धार लावायचा दगड धरला, म्हणजे टोकं बोथट झाली. आणि चाकावर पत्र्याची टोपी, खाली चार बोटं फट. कातडं आत गेलं तरी गुंडाळणार नाही.

घरी लावून पाहिलं. आता अडचण माझी. पाय मारले की सगळं अंग हलतं, अंग हललं की हात हलतात, हात हलले की भोक. जमतच नाही. तासाभरानं मी सरावाचं कातडं जमिनीवर आपटलं. इंदू चोळीला हुक लावत बसली होती. तिनं सुई टोचून ठेवली, पदर नाकाला बांधला, समोर स्टूल ओढून बसली आणि पायडलवर पाय ठेवला. म्हणाली, तुम्ही धरा.

दुसरं कातडं घेतलं, परवा मिळालेल्या हळदीकुंकू बदकाचं. तासाभरात साफ. अखंड. पातळ, एकही भोक नाही. उजेडासमोर धरलं तर बोटं दिसत होती. इंदूचे पाय पक्के एका तालात. मी म्हटलं, कमाल आहे तुझी. ती उठून उलटी करायला गेली.

शनि. १२

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं.

काल हंशी पाण्यात भिजत घातली, आज सकाळची शाळा करून बसलो. इंदू पायडलवर. छाती निघाली. पाठ निघाली. सुरीनं पडलेल्या भोकांना वळसा घालून गेलो. दोन तास गेले. डावा पंख निघाला. मला वाटलं आता झालंच.

उजवा पंख, मोडला होता तो. तिथं कातडं वेगळंच, जाड, आवळलेलं, हाडाला धरून राहिलेलं. मी धरलं आणि टक्कन आवाज झाला. कातड्याखाली छर्रा होता. अकरा वर्षं तिथंच होता. तारेत अडकला आणि कातडं ओढून घेऊन गेला. काखेपासून चार बोटं फाटलं.

इंदूनं पाय काढला.  मग ती इतकंच म्हणाली की परवा एका बाईनं चोळी परत आणली, वास येतो म्हणून. ही तक्रार नव्हती. पण मी आता तिला पुन्हा बसवणार नाही.

कातडं ओल्या मिठात. चार दिवस टिकेल, आठ टिकेल.

रवि. १३

निरवांगीला जाऊन आलो. यष्टीतून उतरून पुढं चालत, दोन्हीकडं ऊस आणि मेथीचे वाफे. वाटेत शब्द जुळवत होतो. पोचल्यावर एकही आठवला नाही.

आबा अंगणात होते. पाण्याची परात खरोखरच भरलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाळत घातलीय म्हणालो ते खोटं होतं, बरणीत होती, पिसं गळालीत, काल फाटलं, माझ्या हातून. मला हे काम नीट येत नाही आणि ते मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आबांनी चहा टाकला. गुळाचा. प्यायला दिला. मग म्हणाले, "फाटलं ते शिवता येतंय का?"

येतं, म्हटलं.

"मग झालं की."

मी इंदूचंही सांगितलं, आता पायडलला माणूस नाही. त्यावर ते विचारत बसले, किती वेग लागतो, थांबायचं कसं, उलटं कधी फिरतं. शनिवारी येतो म्हणाले. मी पुष्कळ नको नको केलं. उलटं केलेलं कातडं बघवणार नाही तुम्हाला, तिथं हंशी अशी काही दिसत नाही, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. येतोच म्हणाले.

निघताना मंडळींचं नाव विचारलं. ताराबाई.

शनि. १९

आबा अकराच्या यष्टीनं आले. पटका उतरवून खुंटीला लावला, वहाणा दाराशी काढल्या, अनवाणी पाय पायडलवर ठेवून दोनचारदा फिरवून पाहिलं. दिशा हातानं दिली. एकदाही उलटं फिरलं नाही.

मी भीत होतो ते कातड्याकडे बघतील म्हणून. त्यांची नजर चाकावर. चरबी उडत होती, त्यांच्या मिशीवर बसत होती, ते पुसत नव्हते. मान निघाली. पोटाची उरलेली कड निघाली. आणखी पिसं गळाली, पण थोडी. मग मी उजव्या पंखाकडे वळलो. छर्रे बोटांनी चाचपून आधीच काढले, तीन निघाले. हळू मारा म्हणालो, त्यांनी पाय हळू केला. जुन्या जखमेवरची चरबी सुटायला लागली आणि आतून काळं काही दिसलं. मला वाटलं घाण आहे. जवळ नेलं. दोरा होता. काळा शिवणीचा दोरा, पाच टाके, कातडं त्याच्यावरून वाढलेलं. बाहेरून पिसांत कधीच दिसला नसता.

चाक थांबलं. मी सांगितलं नव्हतं.

आबा उठले, चष्मा नाही त्यांना, कातडं डोळ्यांशी नेऊन बघितलं. म्हणाले की ताराबाईंनी गोधडीच्या सुईनं शिवलं होतं. आबांनी स्वतः पक्षी धरला होता आणि तोंड फिरवलं होतं. नंतर टाके काढायचे राहून गेले. त्यांना वाटायचं, कधीच विरून गेले असतील.

 इंदू दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"मास्तर, हितं चाक लावू नका. हे ऱ्हाऊ द्या."

मी समजावून सांगितलं. टाक्यांच्या खाली, भोवती चरबी आहे. ती राहिली तर उन्हाळ्यात पाझरेल, तिथून कीड लागेल, आणि एकदा लागली की पंखापुरती थांबणार नाही. तेवढा तुकडा कापून, दोरा हवा तर तुम्हाला काढून देतो, कडा जोडून शिवतो. बाहेरून कळणारही नाही.

ते सगळं समजलं त्यांना. पुन्हा तेच म्हणाले, ऱ्हाऊ द्या.

ठेवलं. रुपयाएवढा भाग. सुरीच्या टोकानं टाक्यांच्या मधून जेवढं निघेल तेवढं काढलं, टाकणखार दाबून भरला. बाकीचं कातडं सोड्यात, मग पेट्रोलमध्ये धुतलं, भुशात घोळून पिसं सुकवली. ती फुलून आली. राखी, पांढरी. आबांनी पहिल्यांदा पिसांवरून हात फिरवला. पाच टाके मध्ये तसेच.

शनि. २६

आठवडाभर भरणीचं काम. काथ्या, तार, मानेला भुशाची पिशवी. मान तीनदा केली. पहिली बगळ्याची झाली, दुसरी कोंबडीची. काखेतली चीर शिवली. गळालेल्या पिसांच्या जागी शेजारची वळवली, तरी पोटाशी एक विरळ जागा राहिलीच. काचेचे डोळे फर्नांडिसांनी पाठवले. आज उभी राहिली. जराशी उजवीकडं कललेली. इंदू म्हणाली, पंख मोडका असेल तर तशीच उभी राहत असेल. मला तसं करायचं नव्हतं, तसं झालं.

यंत्र परत जोडून दिलं. टेबलावरचा डाग गेला नाही.

बुध. ९ मार्च

कपाटावर वाळतेय. पाय पक्के झाले. आबांचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. रविवारी न्यायला येतात. परात घासून ठेवलीय, तिथंच शेजारी ठेवणार आहेत.

शुक्र. ११

सकाळी धूळ झटकताना उजव्या पंखाखाली पिसं चिकटलेली लागली. उचलून बघितलं. मुळाशी पिवळा डाग, नखाएवढा. बोट लावलं, तेल. तीन आठवडेही झाले नाहीत आणि अजून खरा उन्हाळा यायचाय.

शाळेत लक्ष नव्हतं. दुपारी रशीदभाईंना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आता काढलं तर वाचेल ना? वाचेल. मग काढा. त्यांना टाक्यांचं सांगितलं. त्यावर ते लेथ पुसत राहिले.

काखेतली शिवण माझी आहे. उसवली, आतून तेवढा तुकडा काढला, पुन्हा शिवली, तर तासाचं काम. आबांना दिसणार नाही. पंख उचलून ते बघतील असं वाटत नाही. आणि नाही काढला तर हंशी जूनपर्यंत त्या बदकाच्या वाटेनं जाईल, आबांच्या दारात, त्यांच्या डोळ्यांदेखत.

इंदूला विचारलं. तिनं यंत्रावरचं काम बाजूला केलं, वरचं डोकं उतरवलं, पट्टा मोकळा करून ठेवला आणि भाजी निवडायला गेली.

चाक बसवलंय. हंशी टेबलावर आडवी ठेवलीय, उजवा पंख वर करून. कात्री हातात घेतली, खाली ठेवली. परवा रविवार. विचारायचं तर आबा आल्यावर विचारता येईल, पण विचारलं की उत्तर ठाऊक आहे.

सहा वाजले. अजून उजेड आहे.